सृष्टीचा केसपेपर

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाप्पा एकदाची! दोन रेल्वेगाड्या, एक एसटी आणि शेवटी एक रिक्षा, जिचा दरवाजा मीच हाताने धरून बसले होते. आई अमरावतीला डोळे पुसत म्हणाली होती की एमबीबीएसनंतरचं हे सरकारी बंधपत्राचं वर्ष म्हणजे वनवास. कसला आलाय वनवास? माझ्या क्वार्टरच्या न्हाणीघरातून समुद्र दिसतो! पाणी अंगावर घ्यायचं सोडून मी दहा मिनिटं खिडकीशीच उभी होते.

गावाचं नाव पोफळवणे. मालवणपासून तास-सव्वा तास. आरोग्य केंद्र कौलारू, स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे फ्रीज चालू. किशोरी सिस्टर इथे बावीस वर्षं आहेत. औषधं कुठे ठेवलीत ते केंद्रात एकट्या त्यांनाच ठाऊक, त्यामुळे खऱ्या डॉक्टर त्याच. संध्याकाळी भाई आले. वय सत्तरच्या घरात, इस्त्रीचा पांढरा शर्ट, देवासारखा शांत चेहरा. सिस्टर म्हणाल्या, गावात भाईंचा शब्द खाली पडत नाही. त्यांनी माझ्यासाठी बांगडे तळून आणले होते, आणि काटा कसा काढायचा ते माझ्यासमोर बसून शिकवलं. मला एकदम आमचे आबा आठवले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रोजची ओपीडी चाळीसच्या आसपास. सर्दी, बीपी, गरोदर बायका, कोयता लागलेली बोटं. मालवणी कळायला लागलंय. ‘माका’, ‘तुका’ जमतं, पण म्हाताऱ्या भरभर बोलल्या की मी सिस्टरांकडे बघते.

इथे सगळं कौलाने ठरतं. देवाच्या पाषाणाला कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कौल भाईच लावतात. दर तीन-चार वर्षांनी कौल लागला की अख्खं गाव तीन दिवस घरं सोडून शिवेबाहेर राहायला जातं, गुरं-कोंबड्यांसकट. त्याला गावपळण म्हणतात. त्या दिवसांत गाव देवाचं असतं, माणसाने आत पाऊल ठेवायचं नाही. यंदाची जानेवारीत आहे म्हणे. सिस्टरांनी स्वतःच्या बदलीचा अर्जही कौल विचारून मागे घेतला होता. मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भाई आज नातीला घेऊन आले. सृष्टी, वय वर्षं सहा. सोबत तिची आई जानकी, म्हणजे भाईंची विधवा सून. पोरीला ताप होता. पोट तपासायला फ्रॉक वर केला तर बेंबीच्या बाजूला बोटभर लांबीचे चार चट्टे, भाजल्याचे. मी विचारायच्या आत भाई खजील होऊन म्हणाले की कावीळ झाली होती, बायकांनी ऐकलं नाही, गावठी डाग दिला. जानकीने लगेच फ्रॉक खाली ओढला.

डाग आमच्याकडे मेळघाटातही देतात, इंटर्नशिपला पाहिलेत. मी भाईंना दोन शब्द सुनावले, त्यांनी कान पकडले, आम्ही सगळे हसलो. केसपेपरवर लिहिलं: ‘पोटावर काविळीसाठी घरगुती डाग. पालकांना समज दिली.’ सही, शिक्का. बूटमोजे काढ म्हटलं तर जानकी राहू दे म्हणाली, मग मीही सोडून दिलं. मागे सतरा पेशंट थांबले होते.

पोरगी गुणी आहे. मलम लावताना हूं की चूं केलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घडलं तसं लिहून ठेवते.

आज सुगंधाआजी बीपीच्या गोळ्यांना आल्या. पंचक्रोशीत काविळीला डाग देणारी बाई हीच, हे मला आजच कळलं. मी थोडी चिडूनच म्हटलं, आजी, लहान पोरीच्या पोटावर चार-चार डाग? त्या दंडाला देतात, एकच, तोही हळद लावून. ‘पोटाक कोण डाग दिता गो? मी काय खाटीक आसंय?’ असं म्हणाल्या. मग मी कोणाबद्दल बोलतेय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या उठल्या आणि गोळ्या टेबलावर तशाच ठेवून चालत्या झाल्या.

मग मी नीट आठवत बसले. पोरीचे डोळे पिवळे नव्हते. लघवी तपासली नव्हती. कावीळ आहे की नाही हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं! चट्टे एका दिवसाचे नव्हते. दोन जुने पांढरे पडलेले, एक खपलीचा, एक ओला. आणि सहा वर्षांची पोर भाजलेल्या जागी बोट लावल्यावर रडत नाही, ती गुणी म्हणून? कॉलेजात न्यायवैद्यकच्या सरांनी या विषयाच्या दोन स्लाइड भरभर सरकवल्या होत्या, ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून. परीक्षेला आलं नाही खरंच. गाढव आहे मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मी सृष्टीला कसं गाठायचं याचा विचार करतेय तोवर तीच आली. डावा हात कोपराखाली सुजलेला. जानकी म्हणाली, विहिरीच्या पायरीवर घसरली. भाई म्हणाले, गायीने लाथाडलं. सृष्टीला विचारलं तर तिने दोन्ही सांगितलं, एका दमात, पाढे म्हणावेत तसं.

पाठीवर वळ: काही निळे, काही हिरवट, काही पिवळे. आज मी कुणाचं ऐकलं नाही, बूट काढले. दोन्ही तळव्यांवर वाटाण्याएवढे गोल चट्टे. मोजले, एकोणीस.

मी भाईंना बाहेर थांबायला सांगितलं. ते उठले नाहीत. आवाज न चढवता म्हणाले की पोर पांढऱ्या पायाची आहे. ती जन्मली त्या महिन्यात बापाची होडी परत आली नाही. मग दुभती म्हैस गेली, मग कलमांचा मोहर जळला. पायातला दोष कुणीतरी काढायला नको का? आज पाऊस नाही, उद्या येईल, असं सांगावं तसं सांगत होते. शेवटी म्हणाले, ‘घरची गजाल घरात रवाक व्हयी, बाय.’ मी या माणसाच्या हातचे बांगडे खाल्लेत.

हात फळीला बांधला, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, पोलिसांना कळवायचा एमएलसीचा फॉर्म भरला. सिस्टरांनी शिक्का दिला, पण ‘मॅडम, ह्या करू नकात’ एवढंच पुटपुटल्या. रुग्णवाहिकेसाठी लँडलाइनवरून फोन करायला मी आत गेले तेवढ्यात भाई पोरीला रिक्षात घालून घरी घेऊन गेले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फॉर्म घेऊन स्वतः पोलीस दूरक्षेत्रावर गेले. भाई आधीच तिथे, चहा पीत. त्यांनी पिशवीतून माझा अकरा तारखेचा केसपेपर काढला. लॅमिनेट करून आणला होता! माझं अक्षर, माझी सही, माझा शिक्का. हवालदारांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अगदी अदबीने विचारलं की मॅडम, यातलं कुठलं अक्षर खरं धरायचं? पहिल्या वेळी चुकले, असं मी म्हणाले. मग दुसऱ्या वेळी चुकला नसाल कशावरून, असं ते म्हणाले. तोंडात मारल्यासारखं झालं.

फॉर्म घेतला, पोच दिली. चौकशी करू म्हणाले. निघताना भाईंनी मला आशीर्वाद दिला, डोक्यावर हात ठेवून. मी तो हात झटकायला हवा होता. झटकला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ओपीडीत दोन पेशंट, दोघेही परगावचे.

कोळीण दारावरून गेली, मी हाक मारली, तर भरली टोपली डोक्यावर असताना म्हणाली मासळी नाही. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला. रस्त्याने जाताना ओट्यांवरच्या गप्पा बंद पडतात आणि मी पुढे गेले की सुरू होतात. शाळेत गेले, सृष्टी दोन दिवस आली नाही. बाईंनी हजेरीपट पालथा ठेवला आणि मला चहा विचारला नाही.

सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं इथे असलेल्या किशोरी सिस्टरांना ठाऊक आहे. मी त्यांना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या की मॅडम, तुम्ही वर्षाने जाणार, आम्हाला इथेच मरायचंय. रडत होत्या. मला दया आली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दहा-अठ्ठ्याण्णवला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला, समुद्राच्या खडकावर उभं राहून; केंद्रातला फोन सगळे ऐकतात, आणि गावात मोबाइलला रेंज तिथेच येते. पलीकडे नम्रताताई म्हणून होत्या. देव भलं करो त्या बाईचं, एक शब्द न तोडता सगळं ऐकलं. मग विचारलं की डॉक्टर, पोरीच्या जीवाला या घडीला धोका आहे का? हो म्हणालात तर आजच निघतो, नाहीतर शुक्रवारी सकाळी तालुक्याचे पोलीस घेऊन येतो.

आणि मी म्हणाले, तसं खात्रीने सांगता येणार नाही.

कारण मला तो लॅमिनेट केलेला कागद दिसत होता. पुन्हा अति बोलले, पुन्हा खोटी पडले तर, अशी भीती वाटली. खात्री! मला खात्रीचा रिपोर्ट हवा होता. शुक्रवार ठरला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी देवळात ढोल वाजला. भाईंनी कौल लावला.

गावपळण जानेवारीत नाही. परवा, गुरुवारी. उजवी कळी पडली म्हणे, हात लावायच्या आत.

खडकावर फोन करताना माझ्या मागे कोण होतं?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाव गेलं. सकाळपासून ओळ लागली होती: टेम्पो, बैल, डोक्यावर बोचकी, खुराड्यात कोंबड्या, दोरीने बांधलेली कुत्री, मांजरं पिशवीत. हसत-खेळत, जत्रेला निघाल्यासारखे. दारं ओढून घेतली, चुली विझवल्या. शिवेच्या ओढ्यापलीकडे काजूखाली झावळ्यांच्या झोपड्या. आमचं आरोग्य केंद्रही तिथेच, एक टेबल आणि एक खोकं. मी राहते म्हटलं तर चार बाप्ये येऊन उभे राहिले. मी निघाले.

दिवसभर सृष्टीला शोधलं. जानकी दिसली, स्वयंपाक करत होती. सृष्टी दिसली नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नम्रताताई आल्या, सोबत दोन पोलीस. भाईंनी त्यांना खुर्ची दिली, नारळपाणी दिलं. पोर मामाकडे दोडामार्गला पाठवली म्हणाले. ताईंनी जानकीला बाजूला घेऊन विचारलं. तिनेही तेच सांगितलं, पदराचं टोक चावत. मी म्हटलं, आधी घर उघडा. त्यावर पन्नास माणसं उठली. कुणी दगड उचलला नाही, पण आवाज असा झाला की पोलिसांनी माझ्या दंडाला धरून मागे घेतलं. मामाचा फोन बंद. ताई म्हणाल्या, दोडामार्गला जाऊन बघतो, नसेल तर वॉरंट-बिरंट न बघता घर फोडू.

गाडी गेली.

अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत गावची मुलं बासष्ट. मी संध्याकाळी खाऊ वाटायच्या निमित्ताने मोजली. एकसष्ट.

२९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेअकरा

ताईंचा फोन; इथे शिवेपलीकडे थोडी रेंज येते. मामा रात्री उशिरा कामावरून आला, सकाळी भेटला. गणपतीपासून त्याने पोरीला पाहिलेलं नाही. ते निघालेत, निदान अडीच तास.

थांबणार होते. खरंच थांबणार होते. पण आत्ता जानकी टेबलाशी आली, डोकं दुखतं म्हणाली, आणि गोळी घेताना माझ्या ॲप्रनच्या खिशात किल्ली टाकली. खाली बघून म्हणाली, ‘पाणी दोन दिसाचाच ठेवलंय.’

आज तिसरा.

भाई जेवून झोपडीत आडवे झालेत. सिस्टरांना सांगितलं की दोनपर्यंत परत आले नाही तर ताईंना फोन करा. त्या हो म्हणाल्या नाहीत. माझ्या पिशवीत गॉज आणि सलाईनची बाटली भरून दिली मात्र.

बारा चाळीस

गावात.

ऊन टळटळीत. कावळासुद्धा नाही. इतकी शांतता मी मॉर्चुरीतही ऐकली नव्हती. प्रत्येक दार बंद आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी श्वास रोखून आहे असं — नाही. कुणी नाही. माणसं तिकडे आहेत. घाबरायचं ते माणसांना.

मग एका अंगणात झोपाळा का हलतोय? वारा नाहीये.

बघायचं नाही. चालायचं.

एक वाजून पाच

सापडली. जिवंत. भाईंच्या घराच्या मागच्या पडवीत, लाकडांच्या शेजारी, गोणपाटावर. कळशी कोरडी. जीभ सुकलीये. नाडी एकशे छप्पन. सलाईनचं पाणी चमच्याने पाजतेय, घोट घोट, ओकली नाही अजून. फोनला रेंज नाही.

उचलायला गेले तर खांब धरला. सोडत नाही. म्हणते, तिने शिवेबाहेर पाऊल टाकलं तर आई बुडेल. बाबा बुडला तशी. आजोबांनी सांगितलंय. देव तीन दिवस घरात येऊन तिचे पाय बघणार, पाय चांगले झाले की मग ती आईजवळ झोपू शकते. ती म्हणते, आता थोडाच वेळ राहिला, तू जा.

तू जा, म्हणते मला!

एक वीस

ती घोटभर घोटभर पितेय तोवर लिहून ठेवते. दुसरा कागद नाही. हे माझं अक्षर आहे आणि हेच खरं धरा.

सृष्टी, वय ६. डावा हात, कोपराखाली मोडलेला, मी बांधलेली फळी काढून टाकलेली. दोन्ही तळवे भाजलेले, आज सत्तावीस, त्यातले आठ ताजे. पोटावर चार, डाग नव्हेत, कावीळ नव्हती. पाठीवर वळ, निदान तीन वेगवेगळ्या वेळचे. कानामागे जुनी जखम, मी आधी पाहिली नव्हती. हे पडून झालेलं नाही. हे हाताने केलेलं आहे. तिच्या आजोबांनी मला स्वतः सांगितलं, २० तारखेला, किशोरी सिस्टरांसमोर. जीवाला धोका आहे. आहे. आहे.

तिला सांगितलं, तुझी आई पोहायला शिकलीये. खोटं बोलले. तिने खांब सोडला. माझ्या कमरेला पाय घातले. हलकी किती, बाप्पा —

एक सत्तावीस

पुढल्या अंगणात चपला. कोण? ताई इतक्या लवकर येणं शक्य —

एकच माणूस. सावकाश चालतोय. कुलूप मी बाहेर उघडंच टाकलंय. किती मूर्ख —

मागचं दार गंजलंय, अडसर निघत नाही. लाकडांच्या मागे बसलोय दोघी. एका हाताने लिहितेय, दुसरा तिच्या पाठीवर. तिचं काळीज चिमणीसारखं उडतंय. श्वास सोडू नको, राणी. मी कानात सांगितलं, एक शब्द नाही, मग आईकडे —

तो माजघरात थांबलाय. नावाने हाक मारतोय. केवढा मऊ आवाज. विचारतोय की बाय, तू शहाणी ना, तू शिव ओलांडलीस की नाही, आईसाठी सांग —

तिने मान वर केली. मी तोंडावर हात ठेवला, तिने तो बाजूला — नको — शहाणपणाने, हळूच, बाजूला —

‘आजोबा, मी हय आसंय! मी भायर जावक नाय, आयेक काय करू नकात, मी भायर जाव